उसनी धूळ

सगळी इमारत तिला लख्ख आजी म्हणायची, आणि ते काही नुसतं कौतुकानं नव्हतं. घरी कुणी आलं की ती आधी त्याच्या पायांकडे बघायची, मग तोंडाकडे. दारातल्या पायपुसण्यावर तीनदा पाय पुसल्याशिवाय आत आलेला माणूस अजून जन्माला यायचा होता. तिसऱ्या मजल्यावर कपडे शिवणारी एक बाई राहायची, तिच्या चपलांना कायम दोरे चिकटलेले असत, तर ती बिचारी उंबऱ्याबाहेरूनच बोलून परत जायची. सकाळी एकदा, दुपारी एकदा आणि संध्याकाळी मनाला येईल तितक्यांदा आजी फरशी पुसायची. पाण्यात फुलांच्या वासाचं जांभळं औषध टोपणभर घाला असं बाटलीवर लिहिलेलं होतं. आजी अर्धी वाटी ओतायची. फोटोंच्या चौकटीसुद्धा ती मागून पुसायची, म्हणजे ज्या बाजूला भिंतीशिवाय कुणी बघत नाही त्या बाजूनं.

अशा बाईला एके दिवशी सांगण्यात आलं, की घरातल्या एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद जागेला एकवीस दिवस हात लावायचा नाही.

त्याचं असं झालं. आजीची नात साडेआठ वर्षांची. ती कानात सांगायला गेली तरी दोन मजले ऐकत, म्हणून घरात तिला भोंगा म्हणत. आजीचा निम्मा दिवस फरशी पुसण्यात आणि निम्मा ‘अगं हळू, जिन्यात ऐकू जातं’ म्हणण्यात जायचा. तर भोंगा एकदा खेळून आली ती छाती दुखते म्हणत. चेंडू लागला असेल म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. आठवडाभरानंतरही दुखायचं थांबेना, तेव्हा सून तिला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. आजीही गेली. दवाखान्यातल्या खुर्च्या नीट पुसतात की नाही हे बघायला कुणीतरी हवंच होतं.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं, उंची मोजली आणि सांगितलं, की चेंडूचा यात काही दोष नाही. पोरगी वयात यायला लागली आहे. जरा लवकर, पण हल्ली अशा मुली बऱ्याच दिसतात. घाबरू नका, सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा. मग पोरीला बाहेर बसवून, कागद पुढे ओढत त्यांनी विचारलं, घरात कुणाला स्तनाचा कॅन्सर झाला होता का?

आजी छताच्या पंख्याकडे बघू लागली. पंख्याच्या पात्यांवर बोटभर धूळ होती आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिला ती दिसली नाही.

“सासूबाईंना,” सून शेवटी हळूच म्हणाली. “बारा वर्षं झाली.”

डॉक्टरीणबाईंनी ते लिहून घेतलं. पेनाची ती कुरकुर आजीच्या कानात जाऊन बसली. बारा वर्षांपूर्वी तिची एक बाजू काढून टाकली होती, आणि तेव्हापासून घरात त्या गोष्टीला ‘ते दुखणं’ म्हणत, तेही दार लावून. भोंग्याला तर त्याचा पत्ताच नव्हता. आता ते कागदावर आलं, नातीच्या नावाखाली. माझ्या रक्तातून मुलाकडे गेलं, मुलाच्या रक्तातून पोरीकडे, असा आजीनं तिथल्या तिथे हिशोब केला. डॉक्टरीणबाईंनी असं काही म्हटलं नव्हतं. पण चोराच्या मनात चांदणं.

डॉक्टरीणबाईंनी एक पाहणी चालू असल्याचं सांगितलं. हजार मुली आणि त्यांची घरं. मुली लवकर वयात का येतात, लहानपणी नाकातोंडातून त्यांच्या अंगात काय काय जातं, हे त्यात बघायचं होतं. लवकर वयात आलेल्या बाईला पुढे त्या कॅन्सरचा धोका थोडा जास्त असतो एवढं माहीत होतं. त्यामागची कारणं मात्र अजून चाचपडतच शोधत होते. त्यासाठी घरातली धूळ तपासायची. कारण सोफा असो, प्लास्टिक असो की अत्तराची बाटली, घरातलं सगळं झिजून-उडून शेवटी धुळीत येतं.

सुनेनं तिथेच सही केली. आजीला वाटलं, बरं झालं. धुळीत सापडलं तर माझ्या रक्तावरचा आळ निघून जाईल.

धूळ न्यायला येणारी पोरगी पंचविशीची होती. भोंग्यानं पहिल्याच दिवशी तिचं धूळताई असं नामकरण करून टाकलं. या धूळताईला धुळीनं शिंका येत, म्हणजे नोकरी तिनं काय बघून धरली होती देव जाणे. भोंग्याच्या खोलीत, खिडकीखाली, तिनं निळ्या चिकटपट्टीनं एक चौकोन आखला आणि हात जोडले. म्हणाली, दहातल्या चार घरांत मी जायच्या आदल्या दिवशी लोक घर धुऊन काढतात. पाहुणी येणार म्हणून. मग त्या घरातून मी काय नेऊ? ती घरं यादीतून कापावी लागतात, आणि त्या घरातली मुलगीसुद्धा.

“आमच्याकडे तसं होणार नाही,” मुलगा म्हणाला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर वरखाली करून यायचा आणि घरी आई आणि बायको यांच्यामध्ये मधल्या मजल्यावर थांबायचा. पण तेव्हा त्याचीही नजर आपोआप आईकडे गेली.

पहिले पाच दिवस आजीनं दात-ओठ खाऊन काढले. सहाव्या दिवसापासून तिचे हात शिवशिवू लागले. त्या चौकोनाचा सूड तिनं बाकीच्या घरावर उगवला. कपाटांच्या माथ्यांपासून दाराच्या बिजागऱ्यांपर्यंत तिनं असं काही घासलं, की जांभळ्या औषधाच्या दोन बाटल्या आठवड्यात संपल्या. इकडे भोंगा भिंग घेऊन चौकोनाशी पालथी पडलेली असायची. एका गोळा झालेल्या केसाळ पुंजक्याला तिनं नाव ठेवलं होतं, आणि शाळेतून आल्यावर ती आधी त्याची चौकशी करायची. आजी त्या खोलीत जाताना डोळे मिटून घ्यायची.

अठराव्या दिवशी दुपारी घरात कुणी नव्हतं. आजीला चौकोनात फक्त एक केस दिसला. लांब, काळा, वेटोळं घालून पडलेला. तो केस तेवढा उचलावा म्हणून ती वाकली. माणूस वाकलाच आहे तर शेजारचा पुंजकाही उचलावा. पुंजका उचलल्यावर खाली जो डाग दिसला तो काही तसा ठेवण्यासारखा नव्हता. तीन मिनिटांनी आजी उभी राहिली तेव्हा चौकोनात तिचं स्वतःचं तोंड दिसत होतं, आणि सगळीकडे फुलांचा वास सुटला होता.

मग तिला यादी आठवली. पोरीचं नाव यादीतून कापणार, आणि तेही आपल्यामुळे. एक तर आधीच आपल्यामुळे, आणि आता वर हे. धूळ परत आणायची म्हटलं तर घरात चिमूटभर धूळ शिल्लक नव्हती. तिनं कपाटं पाहिली, पलंगाखाली पाहिलं, चौकटींच्या मागे पाहिलं. स्वतःच्या हुशारीचा इतका राग तिला कधीच आला नव्हता.

तळमजल्यावर सोफेवाल्याचं दुकान होतं. तीस वर्षं तो लोकांचे जुने सोफे फाडून नव्यानं भरून देत होता. आजीनं पदराआड एक डबा घेतला आणि खाली गेली. आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं, म्हणून तिनं सरळच सांगितलं, की मला वाटीभर धूळ हवी.

“धूळ?” सोफेवाल्यानं तोंडातला खिळा काढला. “उसनी?”

“तीन दिवसांसाठी.”

त्यानं तिच्याकडे पाहिलं. ही बाई त्याच्या दुकानावरून जाताना नाकाला रुमाल लावायची. मग त्यानं कामाच्या टेबलाखाली हात घातला आणि फाटक्या फोमची पिवळट, मऊ धूळ डब्यात काठोकाठ भरून दिली. परत करायची घाई नाही, असंही म्हणाला.

धूळ पसरण्यातही आजीचा स्वभाव आडवा आला. नुसती उधळायला तिचा हात धजेना. तिनं चाळणी घेतली आणि या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत एकसारखी चाळून घातली. संध्याकाळी भोंग्यानं भिंग लावून बघितलं आणि आपला पुंजका कुठे गेला म्हणून सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असं विचारलं. लग्न करून सासरी गेला, आजी म्हणाली.

एकविसाव्या दिवशी धूळताई आली. व्हॅक्यूमच्या नळीला कागदी पिशवी लावून तिनं चौकोनातली धूळ ओढून घेतली. सात वेळा शिंकली आणि म्हणाली, की इतकी नीटनेटकी धूळ मी आजवर कुणाच्या घरात पाहिली नाही. आजी लगेच स्वयंपाकघरात चहा टाकायला गेली आणि धूळताई जिना उतरेपर्यंत तो उकळतच राहिला.

दीड महिन्यानं धूळताई पुन्हा आली, या वेळी चेहरा पाडून. सोफ्याच्या फोमला चटकन आग लागू नये म्हणून त्यात एक रसायन घालतात. ते या घरच्या धुळीत इतर घरांच्या चाळीस पट निघालं होतं. तुमच्याकडे जुने सोफे किती आहेत, तिनं विचारलं. घरात एकच लाकडी बाक होता आणि त्यावर उशीसुद्धा नव्हती, कारण उशीत धूळ बसते.

सगळे विचारात पडले. आजीही पडली, पण तिच्या विचारात एक चोरटा आनंद होता. आपण चाळून घातलेल्या धुळीचा हा प्रताप आहे हे तिला पुरतं कळत होतं. तरीही रात्री अंथरुणावर पडली की तिला वाटायचं, यंत्रानं सांगितलंय ना, धुळीत आहे. म्हणजे रक्तात नाही. माणसाचं मन कसं बघा, स्वतःच ठेवलेली वस्तू सापडली म्हणून खूश होतं. तिनं तोंडातून ब्र काढला नाही, आणि बऱ्याच वर्षांनी दोन-तीन दिवस गाढ झोपली.

चौथ्या दिवशी मात्र सून लवकर घरी आली. कोपऱ्यावर तिचं दोन खुर्च्यांचं पार्लर होतं. त्या दोन्ही खुर्च्या जुन्या होत्या, बसायच्या जागी फोम फाटून वर आलेला. सुनेनं आपल्या मनाशी सगळं जुळवून टाकलं होतं: खुर्च्यांचा फोम, केसांचे रंग, वासाचे फवारे, सगळं मीच रोज अंगावरून घरी आणते आणि पोरीला देते. पार्लर बंद करायचं तिनं ठरवलं. दारावर तसा कागदही लावून आली होती.

भोंगा नेहमीसारखी दोन्ही हात पसरून तिच्याकडे धावली. सून मागे सरकली.

“लांब हो. आधी आंघोळ करू दे मला.”

भोंगा न्हाणीघराच्या बंद दाराशी उभी राहिली. हात तसेच, थोडे पसरलेले. आणि आवाज अजिबात नाही. आजीनं त्या पोरीला आजवर हजारदा गप्प केलं असेल. ती आपणहून गप्प झालेली तिला बघवेना. करायला गेले एक आणि झालं भलतंच, हे तिला कळलं, आणि ते तिच्या फार जिव्हारी लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फरशी न पुसताच आजी पार्लरमध्ये गेली. सून खोक्यात बाटल्या भरत होती. आजी एका खुर्चीत बसली. आपण या खुर्चीत कधी बसलोच नाही, हेही तिला तेव्हाच जाणवलं. समोरच्या आरशात सुनेकडे बघत तिनं पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. केस, पुंजका, डबा, सोफेवाला.

सुनेनं हातातली बाटली खोक्यात ठेवली. मग तिनं विचारलं, “चाळणी कुठली घेतलीत?”

“पिठाची.”

“पिठाची?”

“तीनदा धुतली नंतर.”

सुनेला हसू फुटलं. ती दुसऱ्या खुर्चीत बसून पोट धरून हसली, आणि हसता हसता रडायला लागली, आणि मग मात्र चिडली. दीड महिना फुकट गेला, वर हे चार दिवस माझा जीव टांगणीला लागला, मी पोरीला जवळ घेतलं नाही, आणि तुम्ही बघत बसलात?

“बरं वाटत होतं गं,” आजी म्हणाली. “धुळीनं झालं म्हटलं, की माझ्यामुळे झालं नाही असं वाटायचं. मी बरी झोपत होते. तू झोपत नव्हतीस ते मला दिसलं नाही.”

सुनेनं आरशातून तिच्याकडे पाहिलं. “तुमच्यामुळे झालं असं कोण म्हणालं, आई?”

“कुणी नाही.”

“मग?”

सून उठली, दारावरचा कागद काढून आणला, चुरगाळला आणि टाकायला डबा शोधू लागली. आजीनं तो तिच्या हातातून घेऊन नीट घडी करून डब्यात टाकला. दोघी एकदमच घरी गेल्या, आणि दारातच भोंग्याचे हात सुनेच्या गळ्यात पडले.

धूळताईला सगळं सांगितलं तेव्हा ती रागावली नाही. वहीत लिहिताना तिचे खांदे मात्र हलत होते. पुन्हा एकवीस दिवस, ती म्हणाली. या वेळी चौकोनावर भोंग्याचा पहारा होता. आजी दारात दिसली, तरी ती ‘आजी चौकोनाकडे बघतेय’ असं खाली सोफेवाल्यापर्यंत पोचवायची. एकवीस दिवस पार पडले. फोमचं रसायन इतर घरांइतकंच निघालं, सुनेच्या फवाऱ्यांचं किंचित जास्त. पण एक गोष्ट इतर घरांच्या तिप्पट निघाली. फरशी पुसायच्या वासाच्या औषधात असते ती.

मुलगा छताकडे बघू लागला. सून खिडकीबाहेर बघू लागली. आजीनं मुकाट्यानं जांभळी बाटली आणून टेबलावर ठेवली, पकडलेल्या चोरासारखी.

“दोष कुठल्या रकान्यात लिहितेस?” तिनं विचारलं.

“तसा रकानाच नाही, आजी,” धूळताई म्हणाली. एका मुलीबद्दल असं काही कुणालाच सांगता येत नाही. हजार मुलींचं कित्येक वर्षं बघायचं, तेव्हा कुठे काहीतरी दिसेल. रक्ताचं थोडं असेल, खाण्याचं असेल, धुळीचं असेल, निव्वळ योगायोगही असेल. तोवर साध्या पाण्यानं पुसा आणि पुसताना खिडकी उघडी ठेवा, एवढंच. मग तिनं आणखी एक कागद काढला. घरातल्या थोरल्या बाईसाठीही एक पान होतं. पहिल्या वेळी आजी चहा उकळत बसल्यामुळे ते राहून गेलं होतं.

पहिल्या काही प्रश्नांची उत्तरं सोपी होती. मग आलं ते दुखणं. मुलानं भोंग्याला आत जायला सांगितलं.

“राहू दे तिला,” आजी म्हणाली.

गाठ लागल्यावर किती दिवसांनी डॉक्टरकडे गेलात, धूळताईनं विचारलं.

“चार महिन्यांनी.” आजीनं जांभळी बाटली हातात घेतली, परत ठेवली. “लाज वाटायची. सांगायचं कुणाला? आंघोळ करताना हाताला गाठ लागायची आणि मी बाहेर येऊन फरशी पुसायला घ्यायचे. तेव्हापासूनच एवढं पुसते मी. आधी इतकी नव्हते.”

मुलाला हे माहीत नव्हतं. सुनेलाही नव्हतं. भोंग्यानं कसली गाठ ते विचारलं, आणि आजीनं तिला सांगितलं. सगळं, नाव घेऊन.

भोंग्यानं विचार केला. “पण तू मेली नाहीस.”

“नाही बाई.”

“मला होणार?”

“ते मला माहीत नाही. या ताईलाही माहीत नाही, म्हणून तर शिंकत शिंकत दारोदार हिंडते. पण तुला कधीही काही दुखलं-खुपलं, काही हाताला लागलं, तर चार महिने थांबायचं नाही. लगेच सांगायचं. मोठ्यानं.”

“मोठ्यानं म्हणजे किती?”

“तुला येईल तितक्या मोठ्यानं.”

घरात पहिल्यांदाच अशी परवानगी मिळाली होती. भोंगा तडक जिन्यात गेली, कठड्याला धरून उभी राहिली आणि खाली ओरडली, “सोफेवाले काका, माझ्या आजीला स्तनाचा कॅन्सर झाला होता, आणि ती जिवंत आहे!”

वरखाली दोन-तीन दारं उघडल्याचा आवाज झाला. सून तिला आत ओढायला धावली, पण आजीनं तिचं मनगट धरलं.

खालून सोफेवाल्याचा आवाज आला, “दिसतेय की रोज! माझी धूळ कधी परत करतेय ते विचार तिला.”

धूळताई हसत हसत निघून गेली. आजीनं बादलीत नुसतं पाणी घेतलं आणि खिडकी उघडून फरशी पुसली. पुसून होतेय तोवर दारावर टकटक झाली. तिसऱ्या मजल्यावरची कपडे शिवणारी बाई होती. ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली, पायपुसण्यावर एकदा पाय पुसले, दोनदा पुसले.

“जरा बोलायचं होतं, आजी,” ती म्हणाली. एक हात तिनं काखेशी दाबून धरला होता. “दोन महिने झाले, कुणाला बोलले नाही.”

तिच्या चपलांना लाल-निळे दोरे चिकटलेले होते आणि फरशी अजून ओली होती. आजीनं तिच्या पायांकडे पाहिलंच नाही. हाताला धरून तिला आत घेतलं आणि पलीकडच्या खोलीतल्या सुनेला हाक मारली, सगळ्या जिन्याला ऐकू जाईल अशी, की चपला घाल, आपल्याला हिच्याबरोबर डॉक्टरीणबाईंकडे जायचंय.